प्रकाशाच्या पुढे धावणारं जहाज लपवताना: प्रकल्प नोंदी

आम्ही तिघं मिळून एक विज्ञानकथामाला लिहीत आहोत. तिच्यात एक जहाज पळतं, दुसरं त्याच्या मागावर आहे आणि दोघांकडेही प्रकाशापेक्षा वेगवान इंजिन आहे. पहिल्या दोन भागांत माग कधी लागायचा आणि कधी सुटायचा हे आम्ही कथेच्या सोयीने ठरवलं. तिसऱ्या भागात ते अंगाशी आलं. दुसऱ्या भागात ज्या युक्तीने जहाज सापडलं, त्याच युक्तीने ते पहिल्या भागातही सापडायला हवं होतं. म्हणून लिखाण थांबवून आधी एक छोटा पायथॉन प्रोग्राम करायचं ठरलं. जहाज कुठून आणि कधी निघालं ते सांगितलं की कोणाला, कुठे, केव्हा आणि किती स्पष्ट कळेल हे त्याने सांगायचं. काम माझ्याकडे आलं. असंच काही करू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी.

पळणारं जहाज पाकोळी, मागावरचं ससाणा.

४ जानेवारी

नियम ठरवले. वेग प्रकाशाच्या ४,००० पट. म्हणजे ४.२४ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्सिमा तारा सव्वानऊ तासांत आणि ११.९ प्रकाशवर्षांवरचा टाऊ सेटी तारा २६ तासांत. इंजिन फक्त जहाजाला लागू. रेडिओ आणि लेसर प्रकाशाच्याच वेगाने जाणार, त्यामुळे बातमी पोहोचवायची तर जहाजानेच. निघताना एक लखलखाट होतो, पोहोचताना दुसरा. या कामाला ३ तास लागले.

७ जानेवारी

ताऱ्यांचा नकाशा. ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया अवकाश दुर्बिणीची २०२२ साली आलेली सूची फुकट मिळते, तिच्यातून जवळचे तारे उचलले. पॅरलॅक्स म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा आकाशात किती सरकलेला दिसतो तो कोन. त्यावरून अंतर काढायचं म्हणजे एक भागिले पॅरलॅक्स, उत्तर पार्सेकमध्ये (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं). चित्र पाहिलं, छान दिसलं. पुढचं काम सुरू केलं आणि पाच तासांनी लक्षात आलं की सूर्याचा प्रकाश प्रॉक्सिमाला दीड दिवसात पोहोचतोय. सूचीत पॅरलॅक्स विकलांच्या (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) हजाराव्या भागात असतो, मी तो विकला धरला होता. सगळीच अंतरं हजार पटींनी आकसली होती, म्हणून नकाशाचा आकार बरोबर आणि चूक नजरेत भरेना. नकाशा नुसता बघून पास करू नका, एक ओळखीचं अंतर आकड्यात तपासा.

दुसरी गोष्ट: सूचीत मित्र तारा, म्हणजे अल्फा सेंटॉरीची मुख्य जोडी, नाहीच. गायासाठी ते तारे फार तेजस्वी आहेत. शेजारचा सगळ्यात महत्त्वाचा तारासमूह गायब आणि प्रोग्रामला त्याचं काही वाटलं नाही. जुन्या हिपार्कस उपग्रहाच्या सूचीतून ते तारे हाताने भरले.

११ ते १३ जानेवारी

वेग ४,००० पट, पण कोणाच्या सापेक्ष, म्हणजे कुठल्या चौकटीत, कोणाला स्थिर धरून मोजलेला? हा प्रश्न मी ४ तारखेला टाळला होता. प्रोग्राममध्ये लिहिताना सहज "जहाज निघताना स्वतः ज्या चौकटीत स्थिर असेल त्या चौकटीत" असं धरून टाकलं. मग चाचणी केली. पाकोळी ससाण्यापासून सेकंदाला २०० किलोमीटर वेगाने दूर जातेय. ससाणा तिच्याकडे निरोप्या ड्रोन पाठवतो, ती लगेच उत्तर देऊन ड्रोन उलट पाठवते. उत्तर आलं ते निरोप पाठवण्याच्या आधी. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टॉलमन यांनी १९१७ मध्येच दाखवून दिलेला हा पेच आहे. ४,००० पट वेगाला तो सेकंदाला साधारण १५० किलोमीटरपासूनच सुरू होतो, आणि आमच्या जहाजांना तेवढा वेग रोजचाच.

दुरुस्ती: सगळ्या विश्वासाठी एकच चौकट. मी विश्वाच्या सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणाची, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या आणि सगळीकडून येणाऱ्या प्रारणाची चौकट घेतली, कारण ती कोणालाही आकाशाकडे बघून मोजता येते. सूर्य तिच्या सापेक्ष सेकंदाला ३७० किलोमीटर वेगाने, साधारण सिंह राशीच्या बाजूला चालला आहे. ४,००० पट वेग आता फक्त या चौकटीत.

पेच सुटला, पण नवा धक्का बसला. टाऊ सेटीहून सूर्याकडे परत येण्याचा वेळ वजा पावणेतीन दिवस! दीड संध्याकाळ मी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो. चूक नव्हतीच. टाऊ सेटीची घड्याळं सूर्याशी जुळवून लावली, तर पार्श्वप्रारणाच्या चौकटीशी तुलना करता ती ३.८ दिवस पुढे निघतात. जाताना पाच दिवस लागल्यासारखे वाटतात, येताना वजा पावणेतीन, आणि बेरीज बरोबर ५२ तास. जाऊन येणारा माणूस कधीच निघण्याआधी परत येत नाही, त्यामुळे कार्यकारणभाव शाबूत आहे. आता कथेत प्रत्येक ठाण्यावर दोन घड्याळं आहेत, सूर्याशी जुळवलेलं गावघड्याळ आणि पार्श्वप्रारणाच्या चौकटीतलं पार्श्वघड्याळ. हा ३.८ दिवसांचा फरक पुढे फार उपयोगी पडला.

१८ जानेवारी

आमचं इंजिन भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ साली मांडलेल्या बुडबुड्यावर बेतलेलं आहे. अवकाश पुढे आकुंचन पावतं, मागे प्रसरण पावतं आणि जहाज मध्ये निवांत. मी धरलं होतं की बुडबुडा वाटेत मंद चमकतो. बाजूला उभ्या असलेल्या निरीक्षकाला काय दिसेल, हे काढायला बसलो.

प्रोग्रामने एक जहाज दाखवलं, सूर्यापासून टाऊ सेटीकडे. पण ते वाटेच्या मध्यावरच अचानक उगवत होतं. पूर्ण शनिवार त्यात गेला. समीकरणाला दोन उत्तरं होती आणि मी वापरलेलं फंक्शन पहिलं सापडलं की थांबत होतं. दुसरं उत्तर घेतल्यावर खरं चित्र उलगडलं. निरीक्षक वाटेच्या मध्यापासून एक प्रकाशवर्ष बाजूला असेल, तर वर्षभर त्याला काहीच दिसत नाही. मग वाटेचा मधला बिंदू उजळतो आणि त्यातून दोन पाकोळ्या निघतात. एक पुढे टाऊ सेटीकडे जाते, दुसरी उलट्या पावली सूर्याकडे. दोघी दोन टोकांना पोहोचायला आणखी पाच वर्षं लागतात. जहाज स्वतः २६ तासांत गेलेलं असतं.

हे मी रात्री दोन वाजता पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं आणि तसाच बघत बसलो. सहलेखिकेला चित्रफीत पाठवली. तिचं उत्तर सकाळी आलं: "सुंदर आहे, पण मग लपणार कसं? अख्खी वाट आकाशात कोरली गेली."

तिचं बरोबर होतं. वाटेत एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, जरी सुटत असला तरी निघण्याची जागा, पोहोचण्याची जागा आणि दिशा, तिन्ही कायमच्या नोंदल्या जातात. नियम बदलला: बुडबुडा वाटेत पूर्ण काळा, पुरावा फक्त दोन टोकांना. ती दोन पाकोळ्यांची फीत काढून टाकताना जिवावर आलं. इंजिन बिघडलेल्या जहाजासाठी ती राखून ठेवली आहे.

२५ जानेवारी

निघतानाचा लखलखाट किती मोठा? आधी १०चा २०वा घात इतके ज्यूल टाकले. प्रॉक्सिमावरून लहानशा दुर्बिणीतही दिसायला लागला, लपण्याचा विषयच संपला. खाली आणत १०चा १५वा घात इथे थांबलो, म्हणजे साधारण पाव मेगाटनाच्या अणुस्फोटाएवढे. सगळी ऊर्जा दृश्य प्रकाशात आणि एका मिलिसेकंदात जाते असं धरलं. मग ३० प्रकाशदिवसांवर दर चौरस मीटरला ३६५ फोटॉन मिळतात. एक प्रकाशवर्षावर अडीच. प्रॉक्सिमापाशी सात चौरस मीटरला मिळून एक.

यावर मी ससाण्याची सगळी युद्धनीती रचली. प्रॉक्सिमावर आणि मित्रावर मोठ्या दुर्बिणी आणि चार वर्षांची प्रतीक्षा. सहलेखिकेने ती पहिल्याच वाचनात मोडली.

"अरे, ससाणा चार वर्षं वाट कशाला बघेल? त्याच्याकडेही तेच इंजिन आहे ना!"

आणि खरंच. पाकोळी निघाल्याची बातमी ३० दिवसांनी कळली, तर तो लखलखाट तेव्हा ३० प्रकाशदिवसांच्या गोलावर असतो. ससाण्याने त्या गोलाच्या थोडं बाहेर उडी मारायची, दुर्बीण मागे वळवायची आणि थांबायचं. प्रकाश त्याच्यापर्यंत चालत येतो. हुकला तर आणखी बाहेर जाऊन पुन्हा बघायचं. एकदा सुटलेला प्रकाश कोणालाच पुसता येत नाही, आणि ज्याच्याकडे इंजिन आहे तो त्याला हवा तितक्या वेळा गाठू शकतो. माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक ठाण्याला लखलखाट एकदाच, जागेवर बसून दिसत होता. तो सगळा भाग फेकला. १४ तास वाया.

पण त्याच दुरुस्तीतून आमच्या गोष्टीचा कणा मिळाला. बातमी जितकी उशिरा, तितका गोल मोठा, तितका पुरावा फिका. ३० दिवसांना ३६५ फोटॉन, ९० दिवसांना ४०, वर्षाने अडीच. म्हणजे पाकोळीने लखलखाट झाकायची धडपड करायचीच नाही, बातमी अडवायची. ठाण्यावरचं बातमी नेणारं जहाज दोन महिने अडकवून ठेवणारा एक कारकून कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त लपवतो. तिसऱ्या भागाचं मुख्य पात्र आता तो कारकून आहे.

आणि ती दोन घड्याळं! बातमीत गावघड्याळाची वेळ आली आणि ससाण्याने ती पार्श्वघड्याळाची समजली, तर तो जवळजवळ चार दिवसांच्या फरकाने चुकीच्या गोलावर जाऊन बसतो. प्रकाश आधीच पुढे निघून गेलेला असतो, किंवा येतच नाही आणि तो कंटाळून उठतो. हे आम्हाला कुठेही घुसडावं लागलं नाही, गणितातूनच आलं.

१ फेब्रुवारी

उष्णता. जहाज लखलखाटाशिवायही उबेमुळे दिसतं. प्रति चौरस मीटर किती वॅट बाहेर पडतात ते काढलं तर ०.०३. इतकं कमी, की पाकोळी जवळजवळ अदृश्य! दोन दिवस मी या आनंदात होतो, एक प्रकरण लिहूनही झालं. तापमानाच्या जागी मी २७ टाकलं होतं. सूत्रात केल्विन लागतं, ३०० टाकायला हवं होतं. चौथा घात असल्यामुळे चूक १५,००० पटींची झाली. खरा आकडा ४५९ वॅट. प्रकरण रद्द.

५ ते ९ फेब्रुवारी

ताऱ्याच्या झगमगाटात लपायचा प्रयत्न. कल्पना सरळ आहे. सूर्याजवळून उडी मारली की लांबून लखलखाट आणि सूर्य वेगळे दिसत नाहीत. एक प्रकाशवर्षावर, एक मीटरच्या दुर्बिणीला, सूर्यापासून ०.०५ खगोलीय एककाच्या (एक एकक म्हणजे सूर्य ते पृथ्वी अंतर) आत झालेला लखलखाट जेमतेम सुटा दिसतो. आणि एकदा तो सूर्यात मिसळला की संपलं. त्या अंतरावर सूर्यच दर मिलिसेकंदाला चौरस मीटरमागे साधारण अब्जभर फोटॉन पाठवतो. त्यात आपले अडीच कुठे शोधणार?

अडचण अशी की ०.०५ एककावर उन्हात राहिलेलं जहाज ९७० अंश सेल्सियसपर्यंत तापतं. तसंच टाऊ सेटीला पोहोचलं तर प्रत्येक चौरस मीटरमधून नेहमीच्या ३०० पट ऊर्जा ओकत, निखाऱ्यासारखं चमकत तिथल्या आकाशात उगवतं. निघताना लपलं आणि पोहोचताना स्वतःच दिवा लावून आलं. ०.२ एककावर प्रयत्न केला. तिथे उष्णता १९ पट, तरीही जास्तच, आणि लखलखाट मात्र सूर्यापासून स्पष्ट वेगळा दिसतो. मधला मार्ग काही निघेना. चार दिवस यातच गेले.

उत्तर पार्कर सौर यानाने दिलं. २०१८ साली निघालेलं हे यान २४ डिसेंबर २०२४ ला सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. आमच्या ०.०५ एककापेक्षाही ते जवळ आहे. त्याच्यापुढे साडेचार इंच जाडीची, कार्बन फोमची ढाल आहे. ढालीचा सूर्याकडचा भाग हजार अंशांच्या आसपास तापतो आणि मागच्या सावलीत उपकरणं खोलीच्या तापमानाला असतात. म्हणजे मी जे अशक्य समजून बसलो होतो ते करून झालेलं आहे.

पाकोळीला ढाल दिली. पण तापलेली ढाल बरोबर नेली तर पुन्हा तोच निखारा. म्हणून उडीआधी ती सोडून द्यायची. सोडलेली ढाल सूर्याभोवती फिरत राहते आणि ससाण्याच्या माणसांना ती सापडू शकते. आमच्यातल्या तिसऱ्याने ही ढाल पुढच्या भागासाठी मागून घेतली: काळी पडलेली, एका कडेला कोणीतरी आतून खडूने खुणा केलेली. खडू एवढ्या तापमानाला टिकेल का, यावर आमचा वाद झाला. सावलीच्या बाजूने लिहिलं असेल तर टिकेल, यावर मिटला.

१४ फेब्रुवारी

पोहोचतानाचा लखलखाट. अशा बुडबुड्यावर २०१२ साली झालेल्या एका गणितात असं निघालं होतं की वाटेतले कण बुडबुड्यात साचतात आणि थांबताना प्रचंड ऊर्जेने पुढच्या दिशेला सुटतात. आमच्यासाठी ही भेटच. थेट ग्रहाकडे तोंड करून पोहोचलं तर ग्रहाचं नुकसान होतं आणि तिथल्या सगळ्यांना कळतं. बाजूला नेम धरून पोहोचलं तर तो झोत रिकाम्या अवकाशात जातो आणि दिसतो फक्त त्या झोताच्या शंकूत असणाऱ्यालाच. लपणाऱ्याला नेम महत्त्वाचा. प्रोग्राममध्ये दोन ओळींचं काम, अर्ध्या तासात झालं.

गुरुत्वीय लहरींनी माग काढण्याचा भागही लिहिला होता, तो काढला. २०२४ च्या एका अभ्यासात कोसळत्या बुडबुड्याच्या लहरी मोजल्या आहेत. किलोमीटरभर जहाजासाठी त्यांची वारंवारता आजच्या शोधकांच्या पल्ल्याच्या बरीच वर येते. कथेत वेगळा शोधक कल्पता आला असता, पण मग लपण्याचा तोल पुन्हा पहिल्यापासून ठरवावा लागला असता. तेवढी ताकद नव्हती.

२० फेब्रुवारी

ससाण्याला लखलखाट दिसला. आता पुढे काय? एक एकक अंतरावर पसरलेली तीन ठाणी लखलखाटाची वेळ मिलिसेकंदापर्यंत नोंदतात. त्या वेळांच्या फरकावरून ३० प्रकाशदिवसांवरची जागा पंधरा-सोळा लाख किलोमीटरपर्यंत नेमकी होते. गॅमा स्फोटांची, म्हणजे दूरच्या अवकाशातून येणाऱ्या गॅमा किरणांच्या क्षणिक लखलखाटांची दिशा शोधायला वेगवेगळ्या यानांवरच्या वेळा अशाच जुळवतात. ते स्फोट पहिल्यांदा सापडले तेही अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या वेला उपग्रहांना, १९६७ साली. भलताच लखलखाट शोधणाऱ्याला काय काय सापडू शकतं याचं एवढं चांगलं उदाहरण दुसरं नाही. ससाण्याच्या नोंदींत आम्ही असे तीन खोटे इशारे मुद्दाम टाकले.

पण हे सगळं झाल्यावर मला जे कळायला हवं होतं ते कळलं: लखलखाट जागा आणि वेळ सांगतो, पाकोळी कुठे गेली ते सांगत नाही. १२ प्रकाशवर्षांच्या आत वीसच्या वर तारासमूह आहेत. प्रत्येक ठिकाणी जायचं आणि पोहोचल्याचा प्रकाश शोधायचा. ३० एककांवरून तो यायलाच चार तास लागतात. ससाणा एकच आहे. माग काढणं आता शेजारपाजारच्या प्रत्येक दारावर टकटक करण्यासारखं झालं, आणि कथेला हवी होती ती दमछाक मिळाली.

२४ फेब्रुवारी

टिटवी. घरट्यापासून लांब जाऊन ओरडणारी, लंगडल्याचं सोंग करणारी. हुलकावणीच्या ड्रोनला हेच नाव शोभतं. पाकोळीसोबत टिटवीनेही दुसऱ्या दिशेला उडी मारायची.

पहिल्या चाचणीत टिटवी सपशेल पडली. लखलखाट वस्तुमानाच्या प्रमाणात धरला होता, टिटवी पाकोळीच्या दहाव्या हिश्श्याची, म्हणजे ३० प्रकाशदिवसांवर ३६५ विरुद्ध ३६ फोटॉन. ससाण्याला एका नजरेत कळलं. टिटवी पाकोळीएवढी केली तर पळणाऱ्यांना ती परवडत नाही, त्यांची परिस्थिती आम्ही पहिल्या भागातच सांगून बसलोय. तीन दिवसांनी तोडगा निघाला. पाकोळीच्या वस्तुमानाचा मोठा भाग इंधन आहे आणि टाक्या किती भरल्या आहेत ते ससाण्याला माहीत नाही. पाकोळी जवळजवळ रिकामी होऊन निघते आणि टिटवी त्याच आकड्याला मिळती केली आहे. आता दोन्ही लखलखाट सारखे दिसतात. रिकाम्या टाक्यांमुळे पाकोळीला पोहोचल्यावर लगेच निघता येत नाही. ते आम्ही बदललं नाही, कारण ती किंमत खरी आहे.

१ मार्च

एकूण ७८ तास. त्यातले निम्म्याहून जास्त चुकांत गेले. सगळ्यात महाग पडलं ते २५ जानेवारीचं, कारण पाठलाग करणाऱ्याकडेही तेच इंजिन आहे ही गोष्ट मी एकदाही विचारात घेतली नव्हती. सगळ्यात स्वस्त होता झोताचा नेम.

राहिलेलं काम: तारे स्वतःही हलतात, ते अजून धरलेलं नाही. कथेचा काळ तीन वर्षांचा आहे, तेवढ्यात फार फरक पडत नाही असं एका ताऱ्यावर पाहिलंय, बाकीचे तपासायचे आहेत. ढालीवर धूळ आदळून होणाऱ्या ठिणग्याही बाकी आहेत.

पुढची फेरी रविवारी. सहलेखिका ससाणा खेळणार, मी पाकोळी. कारकून बातमी ४५ दिवस अडवणार, म्हणजे तिला दर चौरस मीटरला १६२ फोटॉन मिळतील. बातमीतली वेळ गावघड्याळाची असेल, आणि ते मी तिला सांगितलेलं नाही.